मोठी तबकडी तेहतीसवर

पैज लागली ती गेटपाशी, रविवारी सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या वेळी. शहाण्या माणसानं त्या वेळी, त्या जागी कुणाशी पैज लावू नये. हातात कचऱ्याची बादली असली की माणसाला स्वतःची प्रतिष्ठा जरा जास्तच आठवते, आणि प्रतिष्ठा आठवली की तो नको ते बोलून बसतो.

काटासाहेबांच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात रेकॉर्डचं कव्हर. आता कचरा टाकायला जाताना रेकॉर्डचं कव्हर कोण नेतं? पण गेले तीन आठवडे साहेब ते कव्हर घेऊनच फिरत होते. कुणीतरी 'काय हो हे?' म्हणावं, एवढीच माफक अपेक्षा. त्या दिवशी तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरनं ती पुरी केली.

"काय हो हे, साहेब?"

"पश्चिम आफ्रिकेतलं संगीत. पन्नास वर्षांपूर्वीचं. फंक आणि सायकेडेलिक. दोन तबकड्या, निवडक बारा गाणी."

"फंक म्हणजे?"

"एक प्रकारचा वियोग," काटासाहेब म्हणाले.

डॉक्टरनं कव्हर हातात घेतलं. सहा जण उभे होते. त्यांच्या पँटी खाली इतक्या रुंद की एकेका पायात एकेक बिऱ्हाड राहिलं असतं. एकाला काळा चष्मा, एकाच्या हातात ट्रंपेट, आणि मधे माइक धरलेली एक तरुण बाई. ती अशी हसत होती की डॉक्टरनं सवयीनं तिचे दात मोजले.

"बत्तीसच्या बत्तीस. एकही किडलेला नाही. साहेब, वियोगात माणसाचे एवढे दात दिसत नाहीत. ही नाचायची गाणी आहेत."

"डॉक्टर, मी तीन आठवडे रोज ऐकतोय. तुम्ही नुसतं चित्र बघताय."

"पँट बघतोय. ही पँट रडायला कुणी शिवत नाही."

एवढ्यावर मिटलं असतं. पण मागे बादल्या घेऊन आठ-दहा जण उभे होते, आणि त्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. झालं. पुढच्या दोन मिनिटांत ठरलं ते असं: पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला सोसायटीच्या हॉलमध्ये रेकॉर्डची एक बाजू सगळ्यांना ऐकवायची. कुणाचाही एक जरी पाय तालावर हलला, तर त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, याच गेटपाशी, काटासाहेबांनी ती पूर्ण बाजू संपेपर्यंत नाचायचं. आणि कुणाचाच पाय हलला नाही, तर डॉक्टरनं पांढरा कोट घालून महिनाभर चारही मजल्यांचा जिना झाडायचा. पंच म्हणून सेक्रेटरीबाई. या बाई रिटायर्ड मुख्याध्यापिका. त्यांच्या वहीत एकदा नाव लिहिलं गेलं की ते देवालाही खोडता येत नसे.

आता काटासाहेब कोण, हे सांगायला हवं. साहेब वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर. दुकानांतले तराजू तपासायचे, पेट्रोल पंपाचं माप बघायचं, खोट सापडली की सील ठोकायचं. तीस वर्षांत त्यांनी इतके तराजू पकडले होते की बाजारात ते शिरले की वाटाणेसुद्धा नीट रांगेत बसतात म्हणे. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणायचे, पाठीमागे 'काटा'. दोन्ही जोडून काटासाहेब झालं, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. काट्यासारखा सरळ माणूस. कधी हलला नाही, कधी चुकला नाही.

रेकॉर्ड पाठवली परदेशातल्या मुलीनं, वाढदिवसाला. ती पोस्टात आली आणि तिथंच नऊ दिवस पडून राहिली. त्याला जबाबदार कोण? स्वतः साहेबच. पार्सल घ्यायला गेले तेव्हा खिडकीतल्या क्लार्कनं ते वजनकाट्यावर ठेवलं. साहेबांची नजर काट्यावर गेली. काटा बारा ग्रॅम जास्त दाखवत होता.

"हा काटा चुकीचा आहे," साहेब म्हणाले.

"असू दे ना, साहेब. तुमचं पार्सल तर बरोबर आहे."

पण साहेब कसले ऐकतात! त्यांनी तिथल्या तिथं पोस्टाच्या काट्याला सील ठोकलं. मग क्लार्कनं शांतपणे नियम दाखवला: परदेशी पार्सल वजन केल्याशिवाय देता येत नाही. आणि पोस्टात काटा एकच. पुढचे नऊ दिवस साहेब स्वतःच्याच खात्याला 'त्वरित दुरुस्ती व्हावी' अशी पत्रं पाठवत होते, आणि त्यांचंच खातं त्यांना 'आपलं पत्र मिळालं' असं कळवत होतं.

पार्सलमध्ये मुलीची चिठ्ठी होती. 'बाबा, आईला घेऊन ऐका. बसून ऐकायची गोष्ट नाही ही.'

साहेबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, गंभीर झाले आणि उभं राहून ऐकू लागले. इतक्या लांबचं, इतकं जुनं संगीत. त्याचा मान राखायलाच हवा. मुलीवर संस्कार चांगले झालेत, असंही त्यांना वाटलं.

प्लेअर माळ्यावरून काढला होता. तो दुरुस्त करायला रेडिओवाला आला. त्यानं पट्टा बदलला, सुई बदलली आणि जाता जाता म्हणाला, "साहेब, हे वेगाचं बटण बघून घ्या. मिनिटाला तेहतीस फेरे, नाहीतर पंचेचाळीस. हल्ली काही मोठ्या तबकड्यासुद्धा—"

"मोठी तबकडी तेहतीसवर, छोटी पंचेचाळीसवर," साहेबांनी त्याला तोडलं. "मी वजनमापं खात्यात तीस वर्षं आहे."

रेडिओवाल्यानं एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा तबकडीकडे, आणि पान्हे गोळा करून निघून गेला. गरीब माणसाला कुणाशी वाद घालायचा नाही हे चांगलं कळतं.

तर तबकडी तेहतीसवर फिरू लागली. आत काय होतं? ढोल असा वाजत होता, जणू कुणी जड कपाट जिन्यावरून एकेक पायरी खाली उतरवतंय. ट्रंपेट हंबरत होतं. आणि गाणारा आवाज इतका खोल, इतका जड, की साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं दुःख त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिचा पदर खांद्यावर होता, हातात कणकेचं पातेलं.

"अहो, जरा हळू नाही वाटत हे? सगळे झोपेत वाजवल्यासारखे."

"तुला नाही कळायचं ते."

"आणि गाणारा तर बाप्या आहे. कव्हरवर बाई आहे ना?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "ती त्याची बायको असणार. गेलेली. तिच्या आठवणीत गातोय तो."

बायको पातेलं घेऊन आत गेली. तिला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. पण पंचवीस वर्षांत तिनं एक हिशोब पक्का केला होता. 'तुला नाही कळायचं' हे एकदा आलं की पुढचं वाक्य वाया जातं.

पैज लागल्यावरचा आठवडा साहेबांचा फार धावपळीत गेला. हॉलसाठी सेक्रेटरीबाईंना अर्ज दिला, तर बाईंनी तो शुद्धलेखन सुधारून परत पाठवला. दुसऱ्या अर्जावर त्यांनी लिहिलं, 'कार्यक्रमाचं स्वरूप स्पष्ट करावं: करमणूक की अन्य?' साहेबांनी लिहिलं, 'अन्य'. मग शेजारी सल्ले द्यायला येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, रुमाल वाटा, लोक रडतील. समोरची काकू म्हणाली, सुरुवातीला दोन शब्द बोला, नाहीतर लोकांना कळणार नाही कशासाठी रडायचं. साहेबांनी दोन शब्दांची सात पानं लिहिली. मथळा होता: 'फंक: वियोगाची खोली'. आणि मुलीच्या चिठ्ठीप्रमाणे हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या बाहेर काढायला लावल्या.

रविवारी सहाला अख्खी इमारत हॉलमध्ये उभी. आजोबांचे गुडघे कुरकुरत होते, पण साहेबांचं भाषण ऐकून कुणाची बसायचं म्हणायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या पानावर 'दिवंगत पत्नी' आली तेव्हा समोरच्या काकूंनी खरंच रुमाल काढला. सेक्रेटरीबाई वही उघडून, चष्मा सरसावून, सगळ्यांच्या पायांकडे बघत होत्या. साहेबांनी सुई टेकवली.

कपाट जिना उतरू लागलं.

एकही पाय हलेना. माना खाली गेल्या. एका क्षणी आजोबांचा उजवा पाय जरा पुढे सरकला आणि डॉक्टर ओरडला, "हलला!"

"तो गुडघा होता!" साहेब ओरडले.

"मला पेटका आलाय," आजोबा म्हणाले. बाईंनी वहीत लिहिलं: 'पेटका. धरला नाही.'

दुसरं गाणंही असंच सरलं. डॉक्टरचा चेहरा उतरला होता. तो मनातल्या मनात जिन्याच्या पायऱ्या मोजत असावा. साहेब मात्र आतून फुलत होते. छाती पुढे, हनुवटी वर, नजर लांब कुठंतरी. असा विजय माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी दार उघडतं.

दार उघडून आला तो डॉक्टरचा पेशंट. गावाबाहेरच्या सिमेंट कारखान्यात मशीन बसवायला पश्चिम आफ्रिकेतून आलेला एक इंजिनियर. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, एक गाल सुजलेला. तासाभरापूर्वीच डॉक्टरनं त्याची अक्कलदाढ काढली होती आणि 'बोळा दाबून दवाखान्यात बसा' म्हणून सांगितलं होतं. भिंतीपलीकडून आवाज आला म्हणून तो बघायला आला. बघतो तर काय, चाळीस माणसं माना खाली घालून उभी, एका बाईंच्या डोळ्याला रुमाल. भला माणूस. तोही हात पुढे बांधून, मान खाली घालून उभा राहिला.

बाजू संपली. तो हळूच पुढे आला, त्यानं साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बोळ्यातून इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतोय?" साहेबांनी विचारलं.

डॉक्टरनं घसा साफ केला. "ते विचारतायत, कोण वारलं?"

साहेबांना हे दाद दिल्यासारखंच वाटलं. त्यांनी अभिमानानं कव्हर पाहुण्याच्या हातात दिलं. "सांगा त्यांना. त्यांच्याच मुलखातलं आहे."

पाहुण्यानं कव्हर बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. तो घाईघाईनं बोलू लागला, बोळा गालातून ओठांशी आला. डॉक्टर ऐकत होता, आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही आनंद पसरत होता, की तो वर्णन करणंसुद्धा साहेबांवर अन्याय होईल.

"ते म्हणतायत, ही बाई त्यांच्या शहरातली. फार मोठी गायिका. या बाजूचं शेवटचं गाणं त्यांच्या आईवडिलांच्या लग्नात वाजलं होतं. सगळं लग्न नाचलं होतं. ते विचारतायत, आत्ता वाजलं ते काय होतं?"

पाहुणा प्लेअरपाशी वाकला. त्यानं तबकडीचं मधलं लेबल वाचलं, मग बटण बघितलं, मग साहेबांकडे बघितलं. त्या नजरेत चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर बरं झालं असतं. चुकीच्या तराजूवर आयुष्यभर भाजी विकलेल्या म्हाताऱ्या बाईला सांगताना साहेब स्वतः जसे बघायचे, तशी ती नजर होती.

त्यानं खुणेनं परवानगी मागितली. बटण पंचेचाळीसवर सरकवलं. टक.

सुई टेकली आणि हॉलचा रंगच बदलला. ढोल उड्या मारत आला, त्याच्यामागे गिटार चुरचुरत, ट्रंपेट तर असं फुटलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. आणि त्या सगळ्यावरून एक तरुण, खट्याळ, स्वच्छ बाईचा आवाज, बत्तीस दातांचा. दिवंगत पत्नी चांगली ठणठणीत निघाली.

सेक्रेटरीबाईंचं पेन कागदावर आपोआप ठेका धरू लागलं. बाईंनी ते दुसऱ्या हातानं दाबून धरलं आणि नजर जमिनीवर वळवली. मग मोठ्यानं वाचून दाखवत लिहिलं:

"सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटं. पहिला पाय: इन्स्पेक्टरांच्या मिसेस. डावा."

सगळ्यांनी वळून बघितलं. बायकोचा पाय हलत होता. तिला ठाऊकही नव्हतं. डोळे मिटलेले, ओठांवर बारीक हसू, आणि टाच अशी नेमकी पडत होती, की त्या ढोलवाल्यालासुद्धा चूक काढता आली नसती. एवढे लोक बघतायत हे कळल्यावर ती दचकली. पाय मागे घेतला. पदर सारखा केला.

साहेबांना हरल्याचं दुःख नंतर झालं. आधी आठवली ती भाचीच्या लग्नातली गोष्ट. वीस वर्षं झाली. मांडवात गाणी लागली होती आणि बायको नाचत होती, अशीच, डोळे मिटून. साहेब जवळ गेले होते आणि दातांवर दात ठेवून म्हणाले होते, "पुरे. माणसं बघतायत." तेव्हाही ती अशीच दचकली होती, असाच पदर सारखा केला होता. त्यानंतर ती कधी नाचली नाही. आणि तिनं का सोडलं, हे साहेबांनी कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर साहेब बराच वेळ बूटसुद्धा न काढता बसून राहिले.

"तुला कळलं होतं ना, वेग चुकलाय ते?"

"पहिल्या दिवशी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली आणि गॅस बारीक करायला गेली.

आता एवढं झाल्यावर माणसानं गुपचूप हार मानावी. पण तीस वर्षांची सरकारी नोकरी रक्तात असते. सोमवारी सकाळी साहेबांनी पंचांकडे लेखी हरकत नोंदवली. 'पैजेच्या वेळी उपकरण सदोष स्थितीत होतं. सदोष मापावर झालेला व्यवहार ग्राह्य धरता येत नाही. सबब पैज रद्द समजावी.' दोन प्रती, सहीनिशी.

सेक्रेटरीबाईंचं उत्तर संध्याकाळी दारातून सरकवलं गेलं. एकच ओळ: 'आपल्या खात्यात तराजू चुकीचा निघाला की शिक्षा कुणाला होते, तराजूच्या मालकाला की गिऱ्हाइकाला? कृपया खुलासा करावा.'

साहेबांनी तो कागद बायकोला दाखवला नाही. पण घडी घालून खिशात ठेवला, आणि आठवडाभर ऑफिसात कुठलाही तराजू तपासताना तो खिशात टोचत राहिला. गुरुवारी तर एका किराणा दुकानात त्यांनी चार ग्रॅमची खोट पकडली आणि सील न ठोकता नुसतंच म्हणाले, "जरा बघून घ्या." दुकानदार इतका घाबरला की त्यानं दुपारी दुकान बंद ठेवलं.

रविवार उजाडला. गेटपाशी स्टुलावर प्लेअर, वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढलेली. रेडिओवाला मुद्दाम आला होता. त्यानं बटणाला हात लावला नाही, फक्त त्याच्या शेजारी उभा राहिला. तो किराणा दुकानदार घरून खुर्ची घेऊन आला होता. पोस्टातला क्लार्क आला होता. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. पाहुणा इंजिनियर आला, गाल आता उतरलेला. त्याला बघून साहेबांनी नजर खाली घातली.

"साहेब, तयार?" डॉक्टरनं विचारलं. त्याच्या आवाजातून लोणी वितळत होतं.

"लावा."

पंचेचाळीसवर लागली. साहेबांनी आधी इकडं तिकडं बघितलं. मग उजवा पाय उचलला आणि ठेवला. डावा उचलला आणि ठेवला. हात कुठं ठेवायचे हे कळेना, तेव्हा ते तराजूच्या पारड्यांसारखे दोन्ही बाजूंना लटकले आणि आलटून पालटून खालीवर होऊ लागले. लोक पोट धरून हसत होते. साहेबांच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. शर्टाची कॉलर ओली झाली. तीस वर्षांत ज्या ज्या माणसाला त्यांनी बाजारात चारचौघांत खाली बघायला लावलं होतं, तो तो माणूस जणू त्या गेटपाशी उभा होता, आणि काही तर खरोखरच उभे होते. पाहुण्यानं टाळीनं ठेका धरला, हळूच, फक्त त्यांच्यासाठी: इथं पाय टाक, आता इथं. साहेब त्या टाळीला धरून चालत राहिले, आंधळ्यानं भिंत धरावी तसे.

दुसऱ्या गाण्याच्या मधे त्यांनी वर बघितलं. बायको गॅलरीत उभी होती, कठड्यावर हात ठेवून.

"अगं," त्यांचा आवाज धापेनं फुटला, "ये ना खाली."

अख्खं गेट वर बघू लागलं. ती जराशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अहो, माणसं बघतायत."

हशा पिकला. लोकांना तो नुसताच विनोद वाटला. साहेबांना तो कुठून आला ते माहीत होतं. मान खाली गेली, पण पाय थांबवले नाहीत. "बघू दे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. वर पोचलं की नाही कुणास ठाऊक, कारण पुन्हा बघितलं तेव्हा गॅलरी रिकामी होती.

बाजू संपली. सुई मधल्या गोलात खरखरत राहिली. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली, डॉक्टरनं टाळ्या वाजवल्या, किराणावाल्यानं खुर्ची उचलली, कचऱ्याच्या गाडीनं इंजिन चालू केलं. साहेब कपाळ पुसत सुई उचलायला वाकले. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

ती गर्दीतून आली, कुणाकडे न बघता. साहेबांचा हात बाजूला केला, तबकडी दोन तळव्यांत धरली आणि उलटी केली.

"अगं, एकच बाजू ठरली होती," साहेब पुटपुटले.

"ती डॉक्टरांची झाली." तिनं बटण पंचेचाळीसवर आहे ना ते बघून घेतलं आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. "ही माझी. चला, पाय उचला."

साहेबांनी मान वर न करता पाय उचलला.